मेथीच्या लगद्याचं यान

कामशेतहून आलेल्या पोस्टकार्डावर पाचच ओळी होत्या. हमीदाचाचीला लिहिता येत नाही, म्हणजे अक्षर तिच्या पुतण्याचं. पण बोलणं तिचंच. "छापखान्याची खोली रिकामी करतेय. ट्रेडल पुण्याचा माणूस घेऊन गेला. माळ्यावर तुझं विमान निघालं. उंदरांनी तोंड लावलेलं नाही. ये आणि घेऊन जा, नाहीतर मी त्यात लसूण ठेवीन."

विमान नव्हे, यान. ही दुरुस्ती मी नऊ वर्षांची असताना चाचीला दिवसातून चारदा सांगायचे. विमानाला हवा लागते, यानाला लागत नाही. त्यावर ती म्हणायची, "हवा न्हाई तितं जायचंच कशाला गं?" पंधराव्या वर्षी मला वाटलं, चाचीचंच बरोबर. आता, तेविसाव्या वर्षी, पुन्हा तितकी खात्री राहिलेली नाही.

रविवारी सकाळी लोणावळ्याहून निघाले. तिथं मी मामाकडे राहते. दिवसा एका कचेरीत टाइप करते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. कधी वस्तीतल्या नळासाठी, कधी हॉटेलांत भांडी घासणाऱ्या बायकांसाठी. थंड हवा खायला आलेल्या मंडळींच्या हातात मी ती कोंबते आणि मंडळी त्यात चिक्की गुंडाळतात. मला राग येतो. मामा म्हणतो, तुला राग लवकर येतो. मी म्हणते, बाकीच्यांना उशिरा येतो.

तेव्हा चाचीच्या दारात मी काही आठवणी गोळा करायला उभी नव्हते. मला यान हवं होतं, कारण त्याच्या पोटात बाबांचं एक पत्रक होतं.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. जन्मभर पत्रकं लिहिली, पण घरात एकही नाही. "पत्रक वाटायचं असतं, ठेवायचं नसतं," असं ते म्हणायचे, आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी त्यांची एक ओळ ठरलेली असायची: हे पत्रक वाचून झाल्यावर दुसऱ्याच्या हातात द्या. लोकांनी दिली. त्यांनी पुढच्यांना दिली. अशी ती सगळी मावळातून चालत चालत कुठंतरी निघून गेली. मला त्यांचा आवाज आठवतो, पण वाक्य कुठं संपायचं ते आठवत नाही. ज्या माणसाकडून मी लिहायला शिकले त्याचं एक पूर्ण पान माझ्यापाशी नसावं, याची दोन वर्षं टोचणी होती.

आणि एक पान होतं. छपाईत वार चुकलेलं, वाया गेलेलं, पण पूर्ण. ते मीच यानाच्या आतल्या भिंतीला चिकटवलं होतं. मंगळापर्यंतचा प्रवास लांबचा. वाटेत माणसांना वाचायला काहीतरी हवं.

चाचीनं यान बाजेवर आणून ठेवलं. हातभर लांबीचं. नाक तांब्यासारखं, कारण ते आईच्या तांब्यावरच घडवलेलं. शेपटीला नरसाळ्याचा घेर. दोन्ही अंगांना चार-चार गोल खिडक्या, त्याही वाकड्या. सिग्नलच्या खांबाला असतो तो चंदेरी रंग, आणि त्यावर माझ्या गिरबट अक्षरात: 'कामशेत ते मंगळ, मार्गे वडगाव मावळ'. त्या वयात मला वाटायचं, कुठंही जायचं तर आधी वडगावला जावंच लागतं. तालुक्याचे सगळे कागद तिथंच व्हायचे.

मी खिडकीला डोळा लावला. आतल्या अंधारात काळी अक्षरं दिसली. 'पाठीव'. त्याच्या खाली कुठंतरी 'माठ'. बाकी सगळं वळणाआड गेलेलं.

"फोडतीस काय?" चाचीनं विचारलं.

"फोडलं तर पान फाटेल."

"मग घडवलंस तसंच उकल. सांधा कुटं हाय?"

सांधा पोटाभोवती होता. दोन अर्धे भाग वेगळे वाळवून मी ते मधोमध कागदाच्या पट्टीनं जोडले होते. चाचीनं चुलीवरून गरम पाणी आणलं, जुन्या ओढणीची चिंधी आणली. मी चिंधी भिजवून पिळली आणि सांध्याभोवती गुंडाळली. आता थांबायचं होतं. ऊब आत शिरायला वेळ लागतो. घाई केली तर लगद्याचा पापुद्रा सुटतो, हे माझ्या बोटांना अजून ठाऊक होतं.

आणि मग वास आला. मेथीचा. चौदा वर्षं वाळून बसलेला, कडवट, उबदार.

आमच्याकडे बायका कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या. जुने कागद दोन दिवस भिजवायचे, भिजलेली मेथी वाटून त्यात घालायची, उखळात कांडायचं, आणि उपड्या भांड्याला राख फासून त्यावर थापायचं. मेथीनं लगद्याला चिकटा येतो आणि टोपली वर्षानुवर्षं टिकते. आई टोपल्या करायची. मी तिच्या शेजारी बसून उरलेला लगदा तांब्यावर थापला, वाळल्यावर काढला, आणि माझ्या हातात यानाचं नाक आलं.

त्या वर्षांत रेडिओवर कुणी ना कुणी सारखं अंतराळात जाऊन येत असे. एका फाटक्या दिवाळी अंकात मी मंगळावरच्या वसाहतीची गोष्ट वाचली होती; तिचं शेवटचं पान गेलेलं होतं, म्हणून ती वसाहत माझ्यापुरती अजून शिल्लक आहे. बाकी यानं मीच कल्पिली. एक यान भाताची रोपं नेणारं. एक पाणी नेणारं. एकही लढाईचं नाही. आणि कुठल्याच यानात पहिला वर्ग नाही. आमच्या स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्यांतल्या गादीच्या डब्यांवर माझा त्या वयातही राग होता.

उन्हाळ्यात यानं कौलांवर वाळत पडायची आणि कावळे त्यांच्यावर उतरायचे. पावसाळ्यात मात्र मावळात काहीच वाळत नाही. धुकं घरात येऊन बसतं. तेव्हा माझी यानं चुलीवरच्या शिंक्यात टांगलेली असायची आणि त्यांना धुराचा वास लागायचा. मंगळावर उतरलेल्या माणसाला आधी आमच्या चुलीचा वास येईल, असं मला वाटायचं आणि बरं वाटायचं. दिवाळी सरली की गिरणीला भात यायचा. कोंडा उडायचा. ओल्या रंगावर तो बसला की यानाला बारीक खवले यायचे. ते मी उल्का लागल्याच्या खुणा म्हणून ठेवून द्यायचे.

रंग मामा आणायचा. तो रेल्वेत रंगाऱ्यांच्या टोळीत होता. पहिल्यांदा त्यानं दुधाच्या पत्र्याच्या डब्यातून चंदेरी रंग आणला तेव्हा बाबांनी विचारलं, "कुणाला विचारलंस?"

"दाजी, बुडाशी राहिलेला रंग. फेकूनच देतात."

"फेकतील तेव्हा उचल. त्याआधी उचललास तर ती चोरी."

मामा डबा घेऊन परत लोणावळ्याला गेला. पुढच्या रविवारी तोच डबा घेऊन दारात. "मुकादमासमोर फेकला. मुकादमासमोर उचलला. मुकादम म्हणाला, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. आता तरी घ्या, दाजी!"

बाबा असे होते. भातगिरणीत मापाडी, दिवसभर काट्याशी उभे. काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा बोलायचे नाहीत, मग समोर कुणीही असो. खोटं बोलणं हे त्यांच्या मते खोट्या मापासारखंच होतं. मी आज जी काही ताठ आहे ती त्या काट्यामुळे.

आणि कागद यायचा युसूफचाचांकडून, हमीदाचाचीच्या नवऱ्याकडून. भिंतीला भिंत लागून त्यांचा छापखाना. एक पायानं चालवायचं ट्रेडल, अक्षरांच्या खिळ्यांच्या चार पेट्या, आणि शाईचा वास, जो चाची म्हणायची तसा, "भाकरीत बी येतो". चाचा एकटेच खिळे जुळवायचे, एकटेच छापायचे. लग्नपत्रिका, किराणा दुकानांची बिलं आणि बाबांची पत्रकं. त्यांची जुळणी कधी चुकत नसे. "युसूफभाऊच्या हातून काना सुटला तर सूर्य पश्चिमेला," असं बाजारात म्हणत. चाचा नुसते मान हलवायचे, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. या माणसाला गर्व होता तो एवढाच.

छापताना जे कागद डागाळत, तिरपे जात, त्यांच्यावर चाचा निळ्या पेन्सिलीनं मोठी फुली मारायचे. चांगल्या कागदांत ते मिसळू नयेत म्हणून. माझ्याशी करार असा: फुली असेल तो कागद तुझा, फुली नसेल त्याला हात लावायचा नाही. वर ते मला पुस्तकं बांधायची खळ द्यायचे, मोरचूद घातलेली. "कसर लागणार न्हाई. पण हात धुवून जेव, न्हाईतर मंगळाच्या आधीच वर जाशील." आज यानाला कसर लागलेली नाही. चाचा, तुमची खळ टिकली.

आता त्या मंगळवारचं सांगायला हवं.

मंगळवार म्हणजे बाजार. गिरणीत भाताचा हंगाम भरात. क्विंटलचं पोतं एकेका माणसाच्या पाठीवर चढत होतं आणि दुपारच्या उन्हात प्यायचं पाणी लांब विहिरीवर होतं. बाबांनी पत्रक लिहिलं. चार वाजता स्टेशनबाहेरच्या पिंपळाखाली लोकांनी जमायचं होतं. माणसं जमली तर बोलणी होणार. न जमली तर बाबा एकटे पडणार, आणि गिरणीच्या मापाड्यानं एकटं पडणं म्हणजे काय ते आईच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं. घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

मला मात्र मोठ्या यानाचे वेध लागले होते. सोमवारी दुपारी छापखान्यात कुणी नव्हतं. खालच्या फळीवर सुतळीनं बांधलेली गड्डी होती, वर निळी फुली. एवढा कागद एकदम कधी मिळाला नव्हता. मी ती उचलली, आमच्या परसातल्या मोठ्या घमेल्यात कढत पाणी ओतलं आणि कागद फाडून त्यात सोडले.

मंगळवारी सकाळी मी घमेल्यात उभी राहून पायांनी लगदा तुडवत होते. ते मला फार आवडायचं. पायाखाली अक्षरं विरघळतात. पाण्यावर शाईची राखाडी साय धरते. बोटांच्या मधून कागद गुळगुळीत वर येतो. तेवढ्यात भिंतीपलीकडे चाचांचा आवाज आला, मग बाबांचा. मग दोघं परसात आले.

"हे कागद कुठले?" बाबांनी विचारलं.

"फुलीवाले!" मी म्हणाले. लगदा घोट्यापर्यंत होता.

चाचा घमेल्याशेजारी उकिडवे बसले. मूठभर लगदा उचलला, पिळला, तळहातावर उघडून पाहिला. मग हसायला लागले.

"बरं झालं पोरीनं भिजवले. भाऊ, तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं मला. रात्री बघितलं तर वार चुकलेला. मंगळवारचा बुधवार पडलाय. सगळी गड्डी रद्दी."

"तुमच्या हातून?" बाबा म्हणाले.

"माझ्याच हातून."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "दुसरं छापता येईल?"

"खिळे सोडले रात्रीच. लग्नपत्रिका लावलीय. कागदही न्हाई."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. पण ते म्हणाले, "पाय धू. आणि घासलेटचं नरसाळं आण. आज तोंडानं छापू."

असा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. बाबा पुढं, नरसाळ्याचं निमुळतं टोक तोंडाला लावून. मागं मी, कोपरापर्यंत लगदा सुकलेली. आणि सगळ्यांत मागं चाचा, ट्रेडल बंद ठेवून. मिरचीवाल्यांपासून बैलबाजारापर्यंत, सुक्या बोंबलांच्या वासातून, भांड्यांच्या खणखणाटातून. एरवी चार माणसांत हळू बोलणारे बाबा ओरडत होते आणि दर वेळी नरसाळं खाली घेऊन थुंकत होते, कारण तोंडात घासलेट जात होतं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता ऐकत होत्या.

गिरणीच्या फाटकापाशी धोंडूभाऊ भेटला. डोंगरातल्या वाडीवरचा, पोती वाहून त्याच्या मानेवर घट्टा पडलेला. तो म्हणाला, "मापाडी, गळा लय मोठा झालाय आज! कागूद न्हाई व्हय?"

"कागद चुकला, धोंडूभाऊ."

"चांगलं झालं. कागूद दिला आसता तर म्या त्यात तमाकू बांधली आसती. आमाला कुटं वाचता येतंय? आज आयकू तरी आलं."

चार वाजता पिंपळाखाली उभं राहायला जागा नव्हती. वाडीवाडीवरून माणसं आली होती. काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. मी चाचांच्या मांडीवर झोपले होते. एवढं आठवतं की पुढच्या बाजारी गिरणीच्या सावलीत पाण्याचा लाल माठ होता आणि एका पोत्याला दोघं हात लावत होते. बाबांच्या मिशीला आठवडाभर घासलेटचा वास येत होता. मी त्याच नरसाळ्यावर यानाची शेपटी घडवली.

आणि चाचांचं नाव पडलं. कामशेतचा बाजार चेष्टेचं कारण मिळालं की सोडत नाही. "चाचा, आज मंगळवार की बुधवार?" चहावाला विचारायचा, भाजीवाल्या विचारायच्या, लग्नपत्रिका छापायला आलेले विचारायचे, "चाचा, लग्न मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी नको हं!" सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचे. चाचा मान हलवायचे. मीही विचारायचे. शाळेतून येताना खिडकीत डोकं घालून ओरडायचे, "चाचा, आज वार कोणता?" ते म्हणायचे, "तू सांग बाई, मला कुटं कळतंय." गेल्या वर्षी त्यांच्या मयताला मी आले होते तेव्हा दारात कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "मंगळवारीच गेले बघा. वार न्हाई चुकले."

पंधराव्या वर्षी मी यानं सोडली. मला पहिलं पत्रक लिहायचं होतं आणि त्यात मी लिहिलं, चंद्रावर जाणाऱ्यांनो, आधी आमच्या वाडीवर या. ते वाक्य अजूनही मला खोटं वाटत नाही. पण त्याच्या भरात मी घरातली सगळी यानं बंबात घातली. हे एक तेवढं चाचांनी मागून घेतलं. "माझा कागद हाय त्यात," ते म्हणाले. मी उदारपणे दिलं. माळ्यावर कुणी ठेवलं, दर पावसाळ्यात कौलाच्या गळतीपासून कुणी सरकवलं, हे मी कधी विचारलं नाही.

"निवलं बग फडकं," चाची म्हणाली.

मी चिंधी सोडली. पट्टी भिजलेल्या सालीसारखी मऊ झाली होती. नखानं कड उचलली आणि गोल गोल सोडवत गेले. यान दोन भागांत हातात आलं, न फाटता. पुढच्या भागात, नाकाच्या मागं, ते पान होतं. कडा पिवळ्या, मधे एक सुरकुती. बाकी स्वच्छ.

फार स्वच्छ. त्यावर फुली नव्हती.

मला ते आठवलं. त्या सोमवारी प्रवाशांसाठी बरंसं पान शोधताना गड्डीच्या मधून हे निघालं होतं आणि मी खूश झाले होते. चाचा आतल्या एवढ्या चांगल्या कागदांवर फुली मारायला विसरले म्हणून. मी ओळींवरून बोट फिरवत खाली आले. वेळ: दुपारी चार. जागा: स्टेशनबाहेरचा पिंपळ. वार: मंगळवार.

मी पुन्हा वाचलं. मंगळवार. काना जागेवर, अनुस्वार जागेवर. पानभर एकही चूक नव्हती.

"चाची," मी म्हणाले, "यात वार बरोबर आहे."

चाची लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "आसणारच. त्यांच्या हातनं कदी चुकलंय?"

"पण गड्डीवर फुली होती. मी बघितली होती."

"चांगल्या गड्डीला वर-खाली फुलीचा कागूद लावायचे ते, सुतळीनं चांगला काचू नये म्हणून. मीच बांदली हुती ती. तुला काय म्हाईत? नऊ वर्साची तू."

भिंतीवर, ट्रेडल होतं तिथं, तेलाचा काळा डाग होता. कामशेतच्या बाजारात तेरा-चौदा वर्षं एक माणूस न केलेल्या चुकीची चेष्टा ऐकत राहिला आणि ती करणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. आणि मुकादमासमोर फेकल्याशिवाय रंग घरात न घेणारे माझे बाबा, काट्यासारखे सरळ. त्यांनी चष्मा पुसला होता. ते समजले होते. त्या एका क्षणी काटा डावीकडे झुकला होता आणि त्यांनी तो झुकू दिला.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"सांगून काय व्हणार हुतं? कागूद परत आला नस्ता. तू मात्र पुन्हा लगद्याला हात लावला नस्तास." चाचीनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "त्यांना तुझी विमानं आवडायची. मला म्हनायचे, आपण लग्नपत्रिका छापतो, पोरगी आभाळ छापती."

मला रडू आलं आणि हसूही आलं. कारण पत्रकात खोटं छापू नये यावर मी मागच्याच महिन्यात लोणावळ्यात तासभर भांडले होते. मी आजही तेच म्हणेन. छापू नये. पण त्या सकाळी ते छापलं नव्हतं. दोन माणसांनी परसात उभं राहून नुसतं म्हटलं होतं. त्याच्या बदल्यात मला सहा वर्षं मिळाली, मेथीच्या वासाची, कौलांवर वाळणाऱ्या यानांची. कुणाचं काही बिघडवल्याच्या भारावाचून मी वाढले. आज इतरांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल मी ताठ उभी राहून बोलते, त्याचं एक कारण हेही असेल की माझ्या पाठीवर कुणी ओझं दिलं नाही.

मी पिशवीतून वही काढली आणि पत्रक उतरवून घेतलं, शब्दन् शब्द. मग यान पुन्हा मिटायचं म्हणून कागद शोधला. पिशवीत माझीच पत्रकं होती, न वाटलेली. त्यातली मूठभर फाडून मी गरम पाण्यात सोडली. चाचीनं डब्यातून मेथी काढून पाट्यावर घेतली. बोटांनी कागद चुरताना माझी स्वतःची वाक्यं विरघळत होती आणि मला अजिबात राग आला नाही. पायानं तुडवायला घमेलंच हवं होतं, एवढंच वाटलं. पुढच्या रविवारी घमेलं घेऊन येईन. लोणावळ्यात मामाकडे चंदेरी रंगाचा एक डबा अजून आहे.

मेथी वाटून झाल्यावर चाची हात पुसत बाजेवर येऊन बसली.

"काय लिवलंय त्यात, वाच की. म्या बांदली गड्डी, पर काय हुतं ते मला बी कदी कळलं न्हाई. कुनालाच न्हाई."

खरंच की. ते कुणाच्याच हातात गेलं नव्हतं. बाजारात गेला तो आवाज. हे पान गड्डीतून थेट मंगळाच्या वाटेला लागलं होतं. मी अर्धं यान मांडीवर घेतलं, उजेडाकडे वळवलं आणि वाचलं:

"बाजारकरांनो, मी गिरणीत मापाडी आहे. पोत्याचं वजन मी रोज करतो. ते ज्या पाठीवरून येतं त्या पाठीचं वजन आजवर कुणी केलेलं नाही. तुमच्या घरी आज शिजणारा भात एका माणसाच्या पाठीवरून उतरला आहे. आमचं मागणं मोठं नाही. एका पोत्याला दोन माणसं. सावलीत पाण्याचा माठ. मंगळवारी दुपारी चार वाजता स्टेशनबाहेरच्या पिंपळाखाली या. बोलता येत नसेल तर नुसते उभे राहा. उभ्या माणसाचंही माप होतं."

चाची डोळे मिटून ऐकत होती. "संपलं?"

"एक ओळ आहे. हे पत्रक वाचून झाल्यावर दुसऱ्याच्या हातात द्या."

"मग दे की," चाची म्हणाली, आणि मेथीनं पिवळे झालेले दोन्ही हात तिनं पुढं केले.